ताडून पाहायचं राहिलेलं

ताई,

तुम्हाला जाऊन आज तीन आठवडे झाले. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी नेहमीच्या वेळेला ऑफिसात पोहोचलो आणि सवयीनं दोन खुर्च्या खिडकीपाशी ओढल्या. दुसरी ओढून झाल्यावर लक्षात आलं. मग ती परत जागेवर नेऊन ठेवणं मला जमेना. दिवसभर लोक तिला वळसा घालून जात होते. संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिथेच ठेवली.

‘वनिताताई तुमच्या कोण?’ असं कुणी मला विचारलं तर काय सांगायचं हे मला अजून कळलेलं नाही. सहकारी म्हटलं तर फार कोरडं वाटतं. बहीण म्हटलं तर तुम्हीच भुवया वर केल्या असत्यात. सहा वर्षं आपण दोघांनी एकच कागद वाचला, एवढं मात्र खरं.

मंडईत चाकवत विकणाऱ्या मावशींना एकदा तुम्ही आपलं काम समजावून सांगितलं होतंत. “मावशी, जगभरचे डॉक्टर औषधांचे प्रयोग करतात आणि त्यावर निबंध लिहितात. एक म्हणतो औषध चालतं, दुसरा म्हणतो नाही चालत. आम्ही ते सगळे निबंध गोळा करतो आणि त्यातले आकडे काढून एका जागी मांडतो. मी माझ्या रकान्यात भरते, हा त्याच्या रकान्यात भरतो. एकमेकांचं पाहायचं नाही. झालं की ताडून बघायचं आणि जुळलं नाही तिथे भांडायचं.” मावशी जुडी बांधता बांधता म्हणाल्या, “म्हंजे तुमाला भांडायलाच ठेवलंय की!” तुम्ही हसलात. “बरोबर. आणि भांडण मिटलं की तिसऱ्या रकान्यात लिहायचं, सहमती.”

शुक्रवार पेठेतल्या ऑफिसातून मंडईपर्यंतच्या त्या वाटेवर आपले निम्मे मतभेद मिटले असतील. तुम्ही बिबवेवाडीची बस पकडायच्या आधी भाजी घ्यायचात आणि मी पिशवी धरायचो. मिटले नाहीत ते दुसऱ्या दिवशी अनुराधा मॅडमपुढे जायचे. त्या आपल्या प्रमुख, पण तुमचा मुद्दा खोडायच्या आधी त्यासुद्धा चष्मा पुसायला वेळ घ्यायच्या.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा फार्मसीची पदवी आणि एक ताठ मान एवढंच घेऊन आलो होतो. लोणी काळभोरचा शेतकऱ्याचा मुलगा, घरात पहिला शिकलेला. तुम्ही सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात अठरा वर्षं काढून, चाळिशीत पुन्हा परीक्षा देऊन या कामात आलेल्या. मला वाटलं, नर्सबाईंना आकड्यांतलं काय कळणार. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते पहिल्या आठवड्यातच कळलं असणार.

दुसऱ्या महिन्यात माझी ती चूक झाली. एका निबंधाच्या तक्त्यात सरासरीशेजारी कंसात एक लहानसा आकडा होता. मी तो एसडी म्हणून भरला, म्हणजे माणसामाणसांत किती फरक आहे ते सांगणारा. तो होता एसई, सरासरीवर किती भरवसा ठेवावा ते सांगणारा. तो नेहमीच लहान असतो, आणि एकाच्या जागी दुसरा पडला की एखादा किरकोळ अभ्यास बाकी सगळ्यांच्या वर आवाज काढायला लागतो. तुम्ही माझा रकाना बघितलात, निबंध बघितलात आणि विचारलंत, “सोपान, या बायका काय कारखान्यात तयार झाल्यात? सगळ्यांचं रक्त इतकं सारखं?”

मला हसू आलं. मग घाम फुटला, कारण तसला आकडा मी आधीच्या चार निबंधांतही एसडी म्हणूनच भरला होता, आणि ताडून पाहायच्या आधीच ते मॅडमकडे पाठवले होते.

त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसून चारही निबंध पुन्हा उघडलेत. एक शब्द लागेल असा बोलला नाहीत. सगळं दुरुस्त झाल्यावर मला वाटलं, सुटलो. तुम्ही पर्स खांद्याला लावत म्हणालात, “आता मॅडमना जाऊन सांग.”

“ताई, दुरुस्त झालंय ना? कशाला सांगायचं?”

“आकडे दुरुस्त झाले.”

मी रात्रभर तुम्हाला मनातल्या मनात नावं ठेवली आणि सकाळी जाऊन सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही मान वर न करता विचारलंत, “जेवलास का सकाळी? डबा उघड.” तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्या दिवसापासून अर्धी माझी झाली.

आता त्या शेवटच्या शुक्रवाराबद्दल.

बाळंतपणानंतर अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या द्याव्यात की शिरेतून लोह द्यावं, हा आपला विषय होता. निबंध जवळजवळ संपत आले होते. एका निबंधापाशी तुम्ही अडलात. सुरुवातीला शिरेतून लोह दिलेल्या जितक्या बायका होत्या, त्यातल्या सातजणी शेवटच्या तक्त्यात नव्हत्या. दीड महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत. का आल्या नाहीत याबद्दल निबंधात एक ओळही नव्हती. आलेल्यांचं रक्त छान वाढलं होतं, म्हणून लेखकांनी उपचार चांगला ठरवून टाकला होता.

मी म्हणालो, “कारण दिलेलं नाही असं टाकू आणि पुढे जाऊ. मॅडमना बुधवारी सगळं हवंय.”

“लेखकांना पत्र लिहू. विचारू.”

“ताई, बाळंतिणी आहेत. माहेरी गेल्या असतील.”

“असतील. किंवा नुसत्याच गेल्या असतील.”

मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, सहा वर्षांत पहिल्यांदा. वॉर्डात नवीन असताना एक बाई तपासणीला आली नाही, म्हणून तुम्ही रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलंत. काही महिन्यांनी एक म्हातारी बाळाला लस टोचायला घेऊन आली. आई कुठंय म्हणून तुम्ही विचारलंत. ती म्हणाली, तिला जाऊन दोन महिने झाले की. तुम्ही रजिस्टर काढलंत. तिच्या नावापुढे तुमच्याच अक्षरात तो शब्द होता. “तो खोडताही येईना मला,” तुम्ही म्हणालात. “शाई पक्की होती.”

आणि मी काय म्हणालो? मला त्या शुक्रवारी लवकर निघायचं होतं. लग्न होतं कुणाचं तरी. आता कुणाचं ते आठवतही नाही. मी म्हणालो, “ताई, प्रत्येक निबंधात तुमचा वॉर्ड आणू नका. आपण इथे तक्ते भरतो.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतंत तर मला आज बरं वाटलं असतं. “बरं,” म्हणालात, “सोमवारी बघू.”

रविवारी पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी प्रज्ञाचा, तुमच्या मुलीचा, फोन आला. मी स्मशानात पोहोचलो तेव्हा तुम्हाला पांढऱ्या साडीत पाहिलं. आयुष्यभर पांढऱ्या गणवेशात वावरलात म्हणून नंतर कधी पांढरं नेसला नव्हतात, एवढीच एक गोष्ट मला तिथे सुचत राहिली.

सोमवारी मी तुमचा रकाना उघडला. आपला नियम मोडला नाही, माझा भरून झाला होता. त्या निबंधापुढे, शेऱ्याच्या जागी, मी निघून गेल्यावर तुम्ही लिहून ठेवलं होतंत: ‘सात स्त्रियांची माहिती नाही. सोपानचं म्हणणं, माहेरी गेल्या असाव्यात. हे शक्य आहे. तरी लेखकांना विचारावं.’

ताई, मी तुमच्या तोंडावर तसं बोलून गेलो आणि तुम्ही माझी बाजू इतक्या सरळपणे नोंदवलीत. मी माझ्या रकान्यात तुमची बाजू लिहिली नव्हती.

मी त्याच दिवशी लेखकांना पत्र लिहिलं. आठवड्यानं आणखी एक लिहिलं. उत्तर आलं नाही, येईल असं वाटतही नाही. तुमच्या जागी मॅडम स्वतः दुसरा रकाना भरायला बसल्या. मी त्यांना म्हणालो, “त्या सातजणींना उपचाराचा काहीच उपयोग झाला नाही असं धरून एकदा हिशोब मांडू या. मग निष्कर्ष टिकतो का बघू.”

“उशीर होईल, सोपान.”

“होऊ दे मॅडम. ताई असत्या तर झालाच असता.”

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग आम्ही तो हिशोब मांडला. निष्कर्ष पूर्ण पडला नाही, पण डळमळला. अहवालात आधी ‘उपयोग होतो’ असं लिहिलेलं होतं. आता ‘उपयोग होत असावा, खात्रीनं सांगता येत नाही’ असं आहे. त्या ‘असावा’वर मॅडमनी पेनानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, “हा वनिताचा शब्द.”

हे तुम्हाला सांगायचं होतंच. सहमती झाली, ताई. तुमचं बरोबर होतं. पण हे ऐकून तुम्ही जे म्हणाला असतात ते मला ऐकायचंय. “हो का? शोध लागला म्हणायचा.” मंडईच्या वाटेवर, पिशवी माझ्या हातात देत. रोज सहा वाजले की मी अजून तिकडेच चालत जातो. मला भाजी न्यायची नसते. चाकवतवाल्या मावशींनी दोनदा विचारलं, “बाई दिसत नाहीत?” पहिल्या वेळी मी बाहेरगावी गेल्यात म्हणालो. दुसऱ्या वेळी खरं सांगितलं. मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

मागच्या रविवारी बिबवेवाडीच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना घेतली. तुमच्या वॉर्डातल्या जुन्या नर्स आल्या होत्या, तुम्ही ज्यांची बाळंतपणं केलीत त्यांतल्या काही बायका मोठमोठाली मुलं घेऊन आल्या होत्या. मी मागे भिंतीला टेकून बसलो. जेवणं झाल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली.

“सोपानदादा, आई घरी तुमच्याबद्दल काय सांगायची माहितीये?”

“मी चुका करतो म्हणून सांगत असतील.”

“तेही. पण म्हणायची, सोपान चुकतो, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो.”

मी तिच्यासमोर बसू शकलो नाही, ताई. पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि चपला घालून थेट रस्त्यावर आलो. कारण एक गोष्ट मी लपवली आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक होती.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. माझी बहीण शोभा बाळंतपणासाठी लोणीला आली होती. बाळ महिन्याचं झालं होतं. मी सहज तुम्हाला म्हणालो की तिला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, दवाखान्यात तपासणीला बोलावलंय, पण आई म्हणते सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. तुम्ही भर रस्त्यात थांबलात.

“उद्या येते मी.”

“अहो ताई, एवढ्या लांब कशाला?”

“मी तुला विचारलं का?”

शनिवारी सकाळी बसनं आलात. शोभाच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिलीत, नखं पाहिलीत, नाडी धरलीत. मग माझ्या आईला समोर बसवून, आवाज न चढवता म्हणालात, “आई, हिला आज दुपारीच दवाखान्यात न्यायचं. सव्वा महिन्याची वाट बघाल तर उशीर होईल.” आई सहसा कुणाचं ऐकत नाही. तुमचं ऐकलं. दुपारी आम्ही शोभाला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस थांबला असतात तर अवघड होतं.

पण त्याच्या आधी चहा झाला होता.

आईनं विचारलं, “आडनाव काय म्हणायचं तुमचं?” तुम्ही सांगितलंत. गावही सांगितलंत. आई आत गेली. चहा आला तेव्हा मला कपबशी, शोभाला कपबशी, आणि तुम्हाला बारशासाठी आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातला कागदी कप. तुम्ही तो हातात घेतलात. एकदा माझ्या कपबशीकडे पाहिलंत. मग सगळा चहा प्यायलात आणि शोभाला विचारलंत, “बाळ अंगावर नीट पितंय ना?”

मी तुम्हाला बसथांब्यावर सोडायला आलो. रिकामा कप तुम्ही घरात टाकला नव्हता. चुरगाळून मुठीत धरला होता. थांब्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात तो टाकलात आणि हात झटकलेत. मी म्हणालो, “यंदा थंडी जास्त आहे, नाही?” तुम्ही म्हणालात, “पालेभाजी दे तिला. आणि गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, सांग.” बस आली, तुम्ही गेलात. सोमवारी डबा उघडलात आणि चटणी अर्धी केलीत.

सहा वर्षांत आपण दोघांनी वेगवेगळं वाचलेलं सगळं समोर ठेवून ताडून पाहिलं. हे एकच राहिलं. तुम्ही पाहिलं होतंत, मी पाहिलं होतं, आणि तुम्ही पाहिलंत हेही मी पाहिलं होतं. तुम्ही का बोलला नाहीत ते मला कळतं. माझ्या घरात माझी बहीण आजारी होती आणि तुम्ही नर्स होतात. शिवाय मी बोलेन, दुसऱ्या दिवशी येऊन सांगेन, असं तुम्हाला वाटलं असेल. किती दिवस वाटत राहिलं असेल? त्या शेवटच्या शुक्रवारी तुम्ही एवढंच म्हणू शकला असतात, “तुझी बहीणसुद्धा माहेरीच होती.” माझं तोंड बंद झालं असतं. तसं म्हणाला नाहीत.

विहारातून मी घरी गेलो नाही, लोणीला गेलो. आई ओसरीवर मेथी निवडत होती. शोभाची मुलगी दोन वर्षांची झाली, आजोळी आली होती, देठं गोळा करत होती.

“आई, वनिताताई वारल्या.”

“कोण रं?”

“शोभाला बघायला आल्या होत्या त्या.”

आईचे हात थांबले. “अगं बया. कवा?” मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “लई गुणाची बाई. ती आली म्हणून ही हाय.”

मी म्हणालो, “आणि आपण त्यांना कागदी कपात चहा दिला.”

आईनं मेथीची जुडी बाजूला सारली. ती नाकारेल, आठवत नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं. वादाची तयारी मी बसमध्येच करून ठेवली होती.

“दिला व्हता,” ती म्हणाली. “मी दिला. चुकलं माजं. त्या दिशी सांजच्यालाच समाजलं व्हतं मला, शोभाला रगत चढवत व्हते तवा.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “पर मी अडाणी बाई. तू शिकल्याला, तुजी ती ताई, तू म्होरंच बसला व्हतास कपबशी घिऊन. तू का नाय उठलास?”

आईनं पुन्हा विचारलं नाही, खाली मान घालून मेथी निवडायला लागली.

ते उत्तर आईला द्यायचं नव्हतंच, ताई. तुम्हाला द्यायचं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी, डबा उघडायच्या आधी. तुम्ही ऐकून घेतलं असतंत. काहीतरी तिरकं बोलून मला मोकळं केलं असतंत, आणि मला आज त्या बोलण्याची जेवढी आठवण येते तेवढी कशाचीच येत नाही. उशिरा सांगतोय, आणि सांगायला समोर कुणी नाही, तरी सांगतो. मी पाहिलं होतं, ताई. पाहिलं, आणि बसून राहिलो.